अंक तिसरा, तोंडी

मागच्या महिन्यात या ब्लॉगवर ‘बोलून लिहा’ नावाची एक पोस्ट होती. फोनमधलं व्हॉइस टायपिंग वापरून कादंबरीचा पहिला खर्डा कसा काढायचा, त्याबद्दल. ती मी काढून टाकली. तेव्हापासून रोज कोणीतरी विचारतंय... ताई, लिंक उघडत नाही, पोस्ट कुठे गेली? एका भल्या माणसानं तर लिहिलं, ‘कोणाचा दबाव आला का?’ अरे बाबा, माझ्यावर दबाव आणायला कोण बसलंय! दोन कादंबऱ्या छापून आल्यात माझ्या, आणि त्यातली एक आमच्या गोंदियाच्या दुकानातसुद्धा मिळत नाही.

तर कारण सांगते. सांगायचं नव्हतं, कारण मी असल्या गोष्टी मानत नाही. आमच्या भागात दर दुसऱ्या चिंचेवर कोणी ना कोणी राहतं म्हणतात. मी त्याच चिंचांखालून दहा वर्षं शाळेत गेले, चिंचा पाडून खाल्ल्या, दात आंबले, पण भेटलं कोणी नाही. नवऱ्याच्या मावशीच्या अंगात यायचं तेव्हा मी शेजारी बसून वांगी चिरत असे. म्हणजे माझा पिंड कसला आहे ते लक्षात आलं असेल.

आता मुद्द्याचं. माझे बाबूजी प्रॉम्प्टर होते.

दूरच्या वाचकांसाठी जरा समजावून सांगते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा. पाहुणे येतात, सासरी गेलेल्या पोरी येतात, सोयरिकी जुळतात आणि गावचं नाटक होतं. नट म्हणजे गावातलेच शेतकरी. धान कापणीच्या दिवसांत तालमीला वेळ कुणाला? आणि जुन्या काळी निम्म्यांना वाचताही येत नव्हतं. म्हणून प्रॉम्प्टर पडद्याआड बसून अख्खं नाटक हळू आवाजात बोलायचा, नटाच्या अर्धं वाक्य पुढे. नटानं कानानं उचलायचं आणि तोंडानं फेकायचं. बाबूजी म्हणायचे, “नट म्हनजे भोंगा. वाजवनारा मी.” आणि हे नटांच्या तोंडावर म्हणायचे!

तिरोड्यापासून आठेक किलोमीटरवर आमचं गाव. घराच्या गच्चीवरून आता थर्मल वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, तेव्हा नुसते धानाचे बांध दिसायचे. मी पाच वर्षांची असल्यापासून अकरा वर्षांची होईपर्यंत प्रत्येक मंडईला बाबूजींच्या मांडीला टेकून पडद्याआड बसले. त्यांच्या बिडीचा वास, कानाशी चाललेली ती कुजबुज आणि पाठोपाठ स्टेजवरून येणारी सोमाजीकाकांची आरोळी. प्रत्येक वाक्य मी दोनदा ऐकलं, आधी खरं आणि मग मोठ्यानं. लिहायचं वेड मला तिथंच लागलं असं मी मुलाखतीत सांगते. मुलाखत एकदाच झाली, पण सांगितलं.

सोमाजीकाका आमचे हीरो. एकदा ऐन रंगात त्यांचं धोतर सुटायला लागलं. बाबूजी आतून पुटपुटले, “सोम्या, धोतर सावर.” काकांनी छातीवर हात ठेवून, डोळे वर करून, हजार माणसांपुढे आरोळी ठोकली, “सोम्या! धोतर सावर!” लोकांना वाटलं नाटकातच आहे. टाळ्या पडल्या.

बाबूजींनी स्वतः एकच नाटक लिहिलं. ‘मंडईले येजो’, म्हणजे मंडईला ये बरं. गोपाळ नावाचा शेतकरी. बाप मेल्यावर बहीण वावरात, म्हणजे शेतात, वाटा मागते, आणि गोपाळ तिला मंडईच्या दिवशी भरल्या ताटावरून उठवतो. ती जाते ती पुन्हा माहेरी येत नाही. तिसऱ्या अंकात म्हातारा होत आलेला गोपाळ तिच्या दारात जाऊन बोलतो. तो तिसरा अंक बघायला लोक थेट गोंदियाजवळच्या नागऱ्यापासून यायचे म्हणे. म्हणे, कारण मी तो कधी ऐकला नाही. दुसरा अंक संपता संपता माझा डोळा लागायचा. दरवर्षी! दरवर्षी ठरवायची की यंदा जागायचंच, आणि जाग यायची ती सकाळी घरच्या खाटेवर.

दोन वर्षांपूर्वी बाबूजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण तोंडातून ‘हं’ आणि ‘आं’ याच्यापलीकडे काही येत नाही. ज्या माणसानं तीस वर्षं गावाला बोलायला लावलं त्याला पाणी मागता येत नाही. मला हे बघवत नाही. खरं सांगायचं तर म्हणूनच मी गावाला जाणं टाळत होते.

यंदा पोळ्यानंतर हेमराजचा फोन आला. हा गावच्या नाटक मंडळाचा म्होरक्या, थर्मलमध्ये ठेक्यावर कामाला आहे, गोपाळची भूमिका तोच करणार. “ताई, यंदा मंडईले बाबूजीचंच नाटक करून राहिलो. एक्क्याऐंशी झाले त्यायले. पुढच्या मंडईचं कोनी पाह्यलं? वही तेवढी द्या.”

गावी गेले. वही मिळाली. लाल पुठ्ठ्याची, बाबूजींच्या टपोऱ्या अक्षरातली. अंक पहिला पूर्ण. अंक दुसरा पूर्ण. पुढचं पान उलटलं तर वर लिहिलेलं, ‘अंक तिसरा. तोंडी.’ बस्स. खाली कोरं.

त्यांनी तो लिहिलाच नव्हता! लिहायची गरजच काय होती, बोलणारे तेच होते ना. मग मला आठवलं, पूर्वी एकदा मीच त्यांना म्हटलं होतं, बाबूजी, नाटक नीट लिहून ठेवा. तर म्हणाले, “लिवून कायले ठेवू? मी आहो ना.” आणि मी हसून सोडून दिलं होतं. या ब्लॉगवर बॅकअप कसा घ्यावा यावर चार पोस्ट आहेत माझ्या. चार! तीन ठिकाणी कॉपी ठेवा, एक घराबाहेर ठेवा... आणि बापाचं नाटक त्याच्या तोंडातच राहू दिलं. त्या कोऱ्या पानाकडे बघून मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की बाबूजींना सांभाळणारी माझी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

गावात विचारत फिरले. प्रत्येक जण सांगे, काय रडलो बाई आम्ही! बरं, पण गोपाळ बोलायचा काय? “ते नाई आठवत. रडलो मात्र लय.” शेवटी सोमाजीकाकांकडे गेले. बावीस वर्षं गोपाळ केलेला माणूस, आता चौऱ्याहत्तरचे. म्हटलं, काका, तुम्हाला तरी पाठ असेल?

“पाठ?” काका माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांना इंग्रजी विचारलं. “पाठ कायले करू वो माय? दादा सांगे, मी बोले. घरी येऊन विसरून जाओ.”

मग म्हटलं मीच लिहिते. कादंबरीकार आहे ना मी. तीन वेळा लिहिला. तिन्ही वेळा माझा गोपाळ छापील पुस्तकी मराठीत बहिणीची माफी मागत होता आणि रडत होता. तिसरा खर्डा मी बाबूजींना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि झोपले नव्हते ते. हेमराजला मी काही सांगितलं नाही. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं की ताई टाइप करून राहिली आहे.

आता तो दिवस. दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, दुपार. ऑक्टोबरचं ऊन असं की पंखा गरम हवा फेकत होता. भात जेवून बाबूजी खाटेवर झोपले होते. मी खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसले, फोन समोर स्टुलावर, आणि वहीतले दोन अंक मोठ्यानं वाचून टाइप करवत होते. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती, दार उघडं.

इथं टूलबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, माझ्या फोनवरचा माइक आपण बोलायचं थांबलो की काही सेकंदांत आपोआप बंद होतो. मूळ पोस्टमध्ये मी याबद्दल कुरकुर केली होती. दुसरी, त्याला झाडीबोली समजत नाही. ‘मले’ म्हटलं की ‘मला’ लिहितो, ‘कायले’ म्हटलं की वेड्यासारखं काहीतरी. दोन अंकांत मी ते हातानं दुरुस्त करत होते.

दुसरा अंक संपला. मी वही मिटली. आणि लाज वाटते सांगायला, माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पाऊण तास गेला होता. अंगावर चादर होती, घामानं भिजले होते. बाबूजी तसेच झोपलेले. फोन उचलला तर माइक बंद, पण स्क्रीन भरलेली. वर सरकवत गेले, सरकवत गेले... दुसऱ्या अंकाच्या खाली सलग मजकूर, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम.

“बाई मी गोपाळ तू घरी नाई म्हनते राहू दे मी दारासंगं बोलतो बारा मंडया झाल्या बाई बारा वर्सं मी फाट्यावर उभा राहून लोकायच्या बहिनी मोजून राहिलो थांब श्वास घे हं आता लोकं पुसते कोनाची वाट पाहून राहिला गोपाळ मी म्हनतो वाट नाई पाहत बैल चारून राहिलो बैल तं कवाच इकले बाई”

सगळं झाडीबोलीत. एक ‘मला’ नाही. मी पुढे वाचत गेले. मधेच, “रडू नको सोम्या रडनं लोकायचं काम आहे”. हे नाटकातलं वाक्य नव्हे, हे पडद्याआडचं. (कादंबरी लिहिणाऱ्यांनो, याच्याइतका कामाचा सल्ला मी या ब्लॉगवर आजवर दिलेला नाही. माझे तिन्ही खर्डे का पडले ते मला तिथंच कळलं.) आणि बरंच खाली, गोपाळ बहिणीच्या लहानपणाचं काहीतरी सांगत असताना, मागचा-पुढचा काही संबंध नसताना —

“पोरीवर चादर टाका गा कोनी थंडी पडून राहिली”

आणि त्याच्यापुढे पुन्हा गोपाळ.

मी उठून ओसरीवर गेले. “वहिनी, आत कोणी बोलत होतं?”

“नाई जी. तुमी दोघंबी झोपले होते.”

“मी झोपेत बडबडले?”

“काई आवाज नाई आला. मी इथंच आहो ना कवाची.”

“मग चादर कोणी टाकली?”

“मीच टाकली.” आणि मग तिचा हात सुपातच थांबला. “काऊन टाकली तं नाई सांगता येत. एवढ्या गरमीत... मले वाटलं का बाबूजीनं सांगतलं.”

“त्यांना बोलता येतं का, वहिनी?”

“तेच तं.” ती म्हणाली, आणि सूप खाली ठेवलं.

आता तुम्ही जे म्हणणार ते मी स्वतःला म्हणून झालंय. लहानपणी झोपेत तिसरा अंक माझ्या कानांवर पडत होता, तो आत कुठेतरी राहिला आणि त्या दुपारी मी झोपेत बोलले. असेल. पण मग वहिनीला ऐकू का नाही आलं? माइक पाऊण तास चालू कसा राहिला? त्याला अचानक ‘मले’ कसं लिहिता आलं? नंतर मी अकरा वेळा करून पाहिलं. बोलले, कुजबुजले, झोपेचं सोंग घेतलं. फोन बाबूजींच्या ओठांशी धरला. काही सेकंदांत माइक बंद, आणि ‘मले’चं ‘मला’. फोन दुरुस्त करणाऱ्याला दाखवला तर तो म्हणे, “मॅडम, सेटिंग तो बराबर है.”

पण मला भुताखेतापेक्षा दुसरीच भीती जास्त होती. मी गोष्टी रचणारी बाई. अपराधी वाटत होतं म्हणून माझ्याच डोक्यानं हा अंक रचला असेल तर? मग बाबूजींच्या नावावर मी माझं नाटक खपवणार, आणि ते खाटेवर पडून बघणार, ‘नाही’ म्हणायलाही वाचा नसताना. हे मला चालणार नव्हतं. मी ठरवलं, बाबूजींपुढे तालीम होऊ दे. त्यांनी डोळे मिटले तर कागद फाडायचे, आणि हेमराजला सांगायचं, बाबा, दुसरं नाटक शोध.

पुढच्या रविवारी दुपारी समाजमंदिरात तालीम. बाबूजींना खुर्चीसकट उचलून आणलं. सोमाजीकाका त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले. मी हेमराजला तिसऱ्या अंकाची प्रिंट दिली, आणि फक्त म्हटलं, वाच.

“बाई, मी गोपाळ. तू घरी नाई म्हनते. राहू दे. मी दारासंगं बोलतो...”

मी बाबूजींकडे बघत होते. चेहरा तसाच. दोन वाक्यं, तीन वाक्यं. मग हेमराजनं, गडी कसला घाई करतो, पुढचं सगळंच दणकून वाचलं, “थांब! श्वास घे! हं, आता!” प्रिंटमधून ते काढायचं राहिलं होतं. सोमाजीकाका खो खो हसायला लागले. आणि बाबूजी हसले! घशातून आवाज आला, खांदे हलले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी रडायलाच लागले.

हेमराज सावरला, पुढे वाचू लागला. आणि मला दिसलं की बाबूजींचे ओठ हलताहेत. अर्धी बाजू लुळी, त्यामुळे वाकडेच, पण हलत होते. हेमराजच्या मागून नाही. पुढे! तो ‘वाट’ म्हणायच्या आधी त्यांचा ओठ दातांना लागलेला. तो ‘बैल’ म्हणायच्या आधी ओठ मिटून उघडलेले. अर्धं वाक्य पुढे, अख्खा अंकभर, एकदाही न चुकता. त्यांच्या हातात कागद नव्हता, आणि तो मजकूर मी त्यांना कधी वाचून दाखवला नव्हता.

डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, वाचा गेली तरी पाठ असलेलं कधी कधी शिल्लक राहतं, भजनं म्हणणारे पेशंट असतात. ठीक आहे, ओठांचं कोडं सुटलं. फोनवर तोच मजकूर कसा आला ते डॉक्टर कसं सांगणार?

हेमराज शेवटच्या ओळीला आला. दार उघडतं, बहीण उंबऱ्यात येऊन उभी राहते. प्रिंट संपली. त्यानं कागद उलटून पाहिला, “ताई, बस एवढंच?”

बाबूजींचे ओठ थांबले नव्हते. ते पुन्हा पुन्हा त्याच तऱ्हेनं ओठ हलवत होते, आणि त्यांचे डोळे मोठे झाले होते, रागानं, पूर्वी नटानं ओळ नाही उचलली की व्हायचे तसे. मी वाकून बघितलं, मला काही कळेना. फोन काढावा का असं मनात आलं.

तेवढ्यात सोमाजीकाका गुडघ्यावर हात देऊन उठले. बाबूजींसमोर उभे राहिले. ज्या तोंडातून बावीस वर्षं ओळी कानानं उचलल्या, त्या ओठांकडे टक लावून पाहिलं. आणि मग छातीवर हात ठेवून, लोकांकडे तोंड करून, त्या जुन्या आवाजात म्हणाले,

“वावर तुहंच होतं, बाई. मी नुसती राखन केली.”

बाबूजींनी मान टाकली खुर्चीवर आणि मोठा श्वास सोडला. नाटक संपल्यावर सोडायचे तसा. सोमाजीकाका तिथंच मटकन बसले आणि म्हणाले, “हेच होतं गा. हेच होतं.” त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

आठ दिवसांवर मंडई आहे. बाबूजींना पडद्याआड बसवायचं ठरलंय, त्यांच्या जुन्या जागी. पोस्टरही छापून आलं, तिरोड्याच्या बसस्टँडवर लागलं आहे, आणि हे सगळं मी आज लिहितेय ते त्याच्यामुळेच. हेमराजनं प्रेमानं माझं नाव टाकलंय. ‘तिसऱ्या अंकाचं लेखन’ आणि पुढे मी, कादंबरीकार. गावात सगळे म्हणताहेत, बापासाठी पोरीनं काय लिवलं! मी सांगते, मी नाही लिहिला, तर वाटतं की मोठेपणा करतेय. वहिनी तेवढी काही बोलत नाही.

‘बोलून लिहा’ची पोस्ट काढली ती म्हणून. जी वस्तू काय करते ते मलाच समजलेलं नाही, ती तुम्ही वापरा असं कोणत्या तोंडानं सांगू? त्या रविवारी दुपारी त्या खोलीत कोण बोललं, ते मला माहीत नाही. बहुतेक कधी कळणारही नाही.

काल हेमराजसोबत पोस्टरवर माझ्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून आले. तुम्ही माना किंवा मानू नका. तिसरा अंक मी लिहिलेला नाही.